दर उतरेपर्यंत

प्रिय भिंगरी,

आधी एवढं वाच आणि मग श्वास सोड: घरी सगळं ठीक आहे. तुझी आई ठीक आहे, मी ठीक आहे, छप्पर जागेवर आहे. पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असणार, कारण वाढदिवसाच्या दोन ओळींपलीकडे या आत्याने तुला कधी काही लिहिलेलं नाही. फोन केला असता, पण फोन तुझ्या आईच्या खुर्चीशेजारी असतो आणि ती खुर्चीत असते. शिवाय फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. ‘बरी आहेस ना, जेवलीस ना, ठेवते,’ एवढ्यात माझा मजकूर संपतो. जन्मभर पडद्यांच्या दुकानात कापड कापलं. तिथे बोलायचं काम गिऱ्हाइकाचं, आपण फक्त मापं घ्यायची. तेव्हा लिहिते आहे. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तू ऐकलेली गोष्ट अशी, की थंडीपुरती सोबत म्हणून मी तुझ्या आईकडे राहायला आले. तिने तुला तसं सांगितलं आणि मी मान डोलावली. त्यात खोटं काही नाही, पण पुरतं खरंही नाही. खरी सुरुवात बिलापासून झाली. गॅसचे आणि विजेचे दर वाढले हे बातम्यांत ऐकलं होतं, पण बातम्यांतली महागाई वेगळी आणि दाराच्या फटीतून आत सरकलेली महागाई वेगळी. पहिलं बिल आलं तेव्हा मला वाटलं, खालच्या मजल्यावरच्या लाँड्रीवाल्याचं चुकून माझ्याकडे आलं. चष्मा पुसून नाव पुन्हा वाचलं. माझंच होतं.

मग मी घर लहान करायला घेतलं. बाहेरची खोली बंद केली. पलंग ओढत ओढत स्वयंपाकघरात आणला. ओट्यापासून हातभर अंतरावर झोपायचं आणि उठल्या उठल्या पांघरुणातूनच हात लांब करून चहाचं आधण ठेवायचं, याची सुरुवातीला गंमत वाटली. आधण एकदाच ठेवायचं, थर्मासमध्ये भरायचं आणि दिवसभर पुरवायचं. घरात कोट घालून वावरायचं. कोटावर शाल, आणि कुणी येणार नसेल तर शालीवर दुकानातून आणलेला मखमलीचा उरलेला तुकडा. एकदा आरशात पाहिलं तर सोफ्याचं कव्हर उठून चालायला लागल्यासारखी दिसत होते. मीटर आमच्या जिन्यात आहे. येता-जाता त्याच्याकडे बघायची मला खोड लागली. आजाऱ्याची नाडी बघावी तशी बघायचे, फक्त इथे नाडी मंद चालली की आनंद व्हायचा.

ही तक्रार समजू नकोस. अर्ध्या गल्लीचं हेच चाललं होतं. संध्याकाळी रस्त्याने चालत गेलं तर प्रत्येक घरात एकाच खोलीत उजेड, बाकी सगळा अंधार. कोपऱ्यावरचा दुकानदार मात्र दर आठवड्याला छातीठोकपणे सांगायचा, ‘पुढच्या महिन्यात दर उतरतात बघा, मावशी.’ त्याच्या साडूचा कुणी मित्र म्हणे गॅसच्या कचेरीत होता. महिना उलटायचा, दर तिथेच असायचे आणि दुकानदार पुढचा महिना सांगायचा. आमचा त्याच्यावर विश्वास होता असं नाही, पण ऐकायला बरं वाटायचं. निम्मी गिऱ्हाइकं साखरेपेक्षा त्या वाक्यासाठीच यायची.

दुपारची मी वाचनालयात जायला लागले. माझा आणि पुस्तकांचा संबंध तुला माहीत आहे. पण तिथला हीटर फुकट. त्याच्या जवळची खुर्ची मिळवायची तर लवकर जावं लागायचं, आणि त्या खुर्चीच्या हाताशी जे फडताळ होतं त्यात सगळी मासिकं मोटारींची. तेव्हा मी मोटारींची मासिकं वाचायला लागले. टायर कुठला चांगला, कुठली गाडी चढावर दम टाकते, मला विचार, मी सांगेन. तर एक दिवस अशीच एका लालभडक मोटारीच्या चित्रामागे तोंड लपवून ऊब घेत बसले होते, आणि मागून आवाज आला, ‘गाडी घेताय वाटतं, वन्सं?’ वळून बघते तर तुझी आई. तिच्या हातात हत्तीच्या पिल्लाचं चित्रांचं पुस्तक, कारण दुसरा हीटर बालविभागात होता. मी म्हटलं, सहज आले होते. ती म्हणाली, मीही सहजच. मग दोघी वाचनालय बंद होईपर्यंत सहज बसून राहिलो.

तुझी आई आणि मी कधी भांडलो नाही हे तू सगळ्यांना कौतुकाने सांगतेस. अगं, भांडायलासुद्धा जवळ यावं लागतं. आमच्यात दादा होता. तुझे बाबा म्हणजे आमच्या दोघींचा दुभाषा. तिचा निरोप मला, माझा निरोप तिला, आणि मधे त्याच्या पदरचे दोन गोड शब्द. मी एका खोलीत, ती दुसऱ्या खोलीत, आणि हा मधल्या दारात उभा, असे किती तरी रविवार गेले. तुझी आई जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसलेली, तिकिटाला जीभ लावतानाही तिची बडबड थांबायची नाही. मी तोंडात टाचण्या धरून काम करणारी. दादा गेला आणि दुभाषाच गेला. मग आम्ही एकमेकींना बघून हसायचो, तब्येत विचारायचो, आणि आपापल्या घरी जायचो. वाईट काही नव्हतं. काहीच नव्हतं.

त्या दिवशी वाचनालयाच्या पायऱ्यांवर मफलर गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, ‘दोन म्हाताऱ्या, दोन हीटर, दोन बिलं. म्हाताऱ्या सोडून यातलं काही कमी करता येईल का, वन्सं?’ मला हसू आलं, पण मी लगेच हो म्हटलं नाही. ती माझी सवयच नाही. घरी आले. कोट, शाल, मखमल चढवून पलंगावर बसले आणि विचार केला. बसल्या बसल्या नाकाचा शेंडा गार पडला तेव्हा विचार संपला. तिला कळवलं, येते, पण दर उतरेपर्यंतच. ती म्हणाली, अर्थात, दर उतरेपर्यंतच. ते शब्द दोघींनी जिन्याच्या कठड्यासारखे घट्ट धरले. म्हणजे कुणी कुणावर उपकार करत नव्हतं आणि कुणी कुणाच्या गळ्यात पडत नव्हतं.

थंडीत गोठून फुटू नयेत म्हणून घरातल्या नळांतलं पाणी काढून टाकलं, कुलूप लावलं, लाँड्रीवाल्याच्या हातगाडीवर शिवणयंत्र चढवलं आणि आले. आम्ही मागची छोटी खोली निवडली, दुपारी ऊन येतं ती. दोन खाटा, मधे हीटर, भिंतीला माझं यंत्र. बाकीची दारं बंद. पहिल्या आठवड्यात मी मखमलीच्या तुकड्यांना जाड अस्तर लावून खिडकीला आणि दाराला पडदे शिवले. दाराखालच्या फटीसाठी वाळू भरलेली लांब वळकटी केली. तुझ्या आईने तिला दोन बटणांचे डोळे शिवले, लाल जीभ लावली आणि साप केला. तिचं म्हणणं, पायात यायचंच आहे तर निदान बघून दचकता तरी येईल.

सोपं गेलं असं मात्र समजू नकोस. तुझी आई एका कपासाठी अख्खी किटली भरते. खोलीतून बाहेर पडते आणि दिवा मागे ठेवून जाते. सारखी गुणगुणते, आणि एकाच गाण्याच्या एकाच ओळीवर अडकते, पुढची ओळ तिला कधी आठवत नाही. मी तिच्या मागोमाग दिवे घालवत फिरायचे. एकदा ती वळून म्हणाली, ‘वन्सं, तुम्ही अशा माझ्या मागावर असता जणू मी पोस्टातली तिकिटं पळवलीत.’ मी म्हटलं, तिकिटं परवडली, वहिनी. त्या दिवशी आमचं पहिलं भांडण झालं. फार मोठं नाही, पण दुभाषा न ठेवता केलेलं. दुपारपर्यंत अबोला चालला. मग तिने तह केला: दिव्यांची बटणं माझ्या ताब्यात, रेडिओ तिच्या. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की दोघी कान टवकारून बसायचो. जगात कुठे काय घडलं ते सगळं होऊन जायचं आणि शेवटी दरांचं काही नाही म्हटलं की ती निवेदकाला म्हणायची, ‘मग एवढं बोललास कशाला?’

आता तुला एक सांगायचं आहे. ते तिने तुला सांगितलेलं नाही. मला येऊन थोडे दिवस झाले होते. आणखी एक घोंगडी हवी होती म्हणून मी पुढच्या झोपायच्या खोलीत गेले. तिथे पडदे ओढलेले, अंधुक उजेड, हवा बर्फासारखी. आणि मोठ्या पलंगावर, दादाच्या बाजूला, रजईखाली काहीतरी होतं. चांगला मोठा उंचवटा. जवळ जाऊन रजईवर हात ठेवला तर गरम! मी अशी किंचाळले की तुझी आई हातात पळी घेऊन धावत आली. ‘अहो, सूप आहे ते!’ ती म्हणाली. खरंच, वाटाण्याच्या सुपाचं पातेलं होतं. एक उकळी आणायची, टॉवेलात गुंडाळायचं, रजईत पुरून ठेवायचं आणि दुपारपर्यंत ते आपलं आपण शिजतं. गॅस वाचतो. हे तिला पोस्टातल्या एका जुन्या मैत्रिणीने शिकवलं होतं. मी पातेल्याला घाबरले म्हणून ती हसायला लागली, ती हसते म्हणून मी. पोट धरून पलंगाच्या कडेला बसावं लागलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मग तिचं हसू थांबलं. म्हणाली, ‘त्यांची जागा रिकामीच असते. म्हटलं, वापरावी.’ आणि थोड्या वेळाने, ‘खरं सांगू, वन्सं? त्या बाजूला काहीतरी गरम आहे एवढंसुद्धा बरं वाटतं.’ मी रजईवर हात ठेवला, तिने माझ्या हाताजवळ आपला ठेवला, आणि आम्ही दोघी सूप थंड होण्याची भीती नसल्यासारख्या बसून राहिलो. त्या दिवसापासून दादाचं नाव घरात मोकळेपणाने निघायला लागलं. मला माझा भाऊ माहीत होता, तिला तिचा नवरा. दोघींनी एकमेकींना आपापला दादा दाखवला. लहानपणी तो माझ्या वाट्याची साय पळवायचा हे तिला माहीत नव्हतं. तुझ्या जन्माच्या वेळी घाबरून तो दवाखान्याऐवजी सरळ पोस्टात जाऊन उभा राहिला होता हे मला माहीत नव्हतं. आणि असता तर या थंडीत त्याने सगळे हीटर लावले असते आणि वर ‘कोंदट होतं’ म्हणून खिडकी उघडली असती, यावर आमचं दोघींचं एकमत झालं.

भर थंडीत तुझ्या आईला बरं नव्हतं. फोनवर तुला ‘सर्दी’ सांगितली. ती सर्दी नव्हती, भिंगरी. छातीत कफ भरला होता आणि ताप उतरत नव्हता. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या, औषधं दिली आणि म्हणाल्या, खोली सतत उबदार ठेवा, हीटर बंद करू नका. तोवर आमचा हीटर वेळापत्रकावर चालायचा, सकाळी थोडा, संध्याकाळी थोडा. मी तो पूर्ण वाढवला. पण तुझी आई तापातही हात लांब करून बटण फिरवायची आणि पुटपुटायची, ‘बिल, वन्सं, बिल.’ दोनदा समजावलं. तिसऱ्या वेळी मी ते बटण हीटरवरून उपसून काढलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. म्हटलं, आता काय कमी करायचं ते करा.

तुला कळवायचं का, हे मी रोज स्वतःला विचारत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन दिवस बघू. तुझ्या आईने मला शपथच घातली, की पोरीला धावत यायला लावू नका. आणि मग ताप हटायला लागला. पण ते मधले दिवस मला विचित्र गेले. तिचा आवाज बसला होता. गुणगुणणं बंद, रेडिओ बंद. घर इतकं गप्प झालं की मला ते सोसेना. आणि काय सांगू, मी बोलायला लागले! उशाशी बसून काहीबाही शिवता शिवता तिला दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचे. एक बाई घराला खिडक्या बसायच्या आधीच पडदे शिवून घेऊन गेली होती आणि मग गवंड्याला पडद्याच्या मापाच्या खिडक्या पाडायला लावल्या. एक गृहस्थ दरवर्षी तोच निळा पडदा थोडा आखूड करून न्यायचे. का, ते कधी कळलं नाही. असं बरंच काही. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. ताप उतरल्यावर तुझ्या आईचं पहिलं वाक्य होतं, ‘वन्सं, तुम्हाला बोलता येतं!’ आणि दुसरं, ‘आता ते बटण द्या.’

त्या महिन्याचं बिल आम्ही दोघींनी मिळून उघडलं. डोळे पांढरे झाले. तिने उठून चहा ठेवला, अख्खी किटली भरून, आणि मी काही म्हटलं नाही. पण त्यातूनही मार्ग निघाला. डॉक्टरीणबाईंनी आमचे अस्तराचे पडदे पाहिले होते. त्यांनी तसेच दवाखान्यासाठी मागितले, मग त्यांच्या शेजारणीने, मग लाँड्रीवाल्याने. मी शिवायचे आणि तुझी आई अंगात बळ आल्यावर घरोघरी मापं घ्यायला जायची. मापं चुकीची आणायची, पण बातम्या मात्र सगळ्या आणायची. आता अर्ध्या गल्लीची थंडी माझ्या पडद्यांनी अडवली आहे असं म्हणायला हरकत नाही.

आणि मग दर उतरले. थंडी सरता सरता, एका संध्याकाळी, नेहमीच्या बातम्यांत. निवेदकाने आवाजही चढवला नाही. पुढच्या महिन्यापासून गॅस आणि वीज दोन्ही स्वस्त. पूर्वीइतकी नाही, पण एकट्या माणसाला स्वतःचं घर तापवता येईल इतकी. ज्या बातमीसाठी आम्ही सगळा हिवाळा कान लावून बसलो होतो ती आली. ‘बरं झालं,’ तुझी आई म्हणाली. ‘हो, फारच बरं झालं,’ मी म्हटलं. तिने रेडिओ बंद केला. हवामानाचंही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानदार रस्त्यातल्या प्रत्येकाला अडवून सांगत होता, ‘मी काय म्हणत होतो?’ मला त्याचा उगाचच राग आला.

त्यानंतर आम्ही पुन्हा पाहुण्यांसारख्या वागायला लागलो. ‘तुम्ही घ्या,’ ‘नाही, आधी तुम्ही.’ तिने माझे कपडे धुतले, इस्त्री केले आणि घड्या करून खाटेवर गठ्ठा ठेवला. मी समजले, जायची वेळ झाली. मी तिच्या घरचे लोंबणारे हुक शिवले, तुटलेली बटणं लावली, सगळ्या पडद्यांच्या कडा पक्क्या केल्या. ती समजली असावी, ही आता निघाली. त्यातच रविवारी तुझा फोन आला. तू तिला कायमचं तुझ्याकडे राहायला बोलावत होतीस. मी स्वयंपाकघरात होते, पण दार उघडं होतं. ती म्हणाली, ‘वन्सं आता त्यांच्या घरी जातील. मग एकटीने इथे बसून काय करू? येईन म्हणते.’ मी नळ सोडला आणि धुतलेली कपबशी पुन्हा धुतली. मनात म्हटलं, बरोबरच आहे. लेक आहे, नातवंडं आहेत. आपण कोण? दादाची बहीण.

परवा मी माझ्या घरी गेले. म्हटलं, परत यायचंच आहे तर घर जागं करून ठेवावं. पाणी सोडलं, पलंग ओढून बाहेरच्या खोलीत नेला आणि दोन्ही खोल्यांतले हीटर लावले. हवे तेवढे वाढवले. घर बघता बघता तापलं. कोट काढला, शाल काढली, खुर्चीत बसले. सगळा हिवाळा मी ज्याची आस धरली होती ते समोर होतं: माझं स्वतःचं घर, उबदार, आणि भरता येईल असं बिल. कुणाची बडबड नाही, कुणाची लुडबुड नाही. छान वाटायला हवं होतं. मी बराच वेळ वाट पाहिली, आता वाटेल, मग वाटेल. शेवटी उठले आणि स्वयंपाकघरात विसरलेला दिवा घालवायला गेले. तिथे दिवा लागलेलाच नव्हता. तो मागे ठेवून जाणारं त्या घरात कुणी नव्हतं.

मी हीटर बंद केले आणि कुलूप लावून निघाले. वाटेत थांबले असते तर धीर गेला असता म्हणून कुठे थांबले नाही. तुझी आई बटाटे सोलत होती, पाठमोरी. मी दारातच उभी राहिले, अंगात कोट तसाच, आणि म्हटलं, ‘वहिनी, मी इथेच राहिले तर चालेल का? दर उतरलेत, तरीसुद्धा?’ ती वळली नाही. विचारलं, ‘किती दिवस?’ म्हटलं, ‘ते मी ठरवलेलं नाही.’ तिने सुरी खाली ठेवली. हात पुसायला लागली, पुसतच राहिली. मग जवळजवळ रागानेच म्हणाली, ‘मी रोज तुमच्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालतेय, की कधीतरी तुम्ही म्हणाल, राहू द्या, मी काही जात नाही. पण तुम्ही म्हणाल तर ना!’ आम्ही दोघी तशाच उभ्या. गळ्यात वगैरे पडलो नाही, तसलं आम्हाला येत नाही. तिने मला दुसरी सुरी दिली आणि मी बटाटे सोलायला बसले. अर्धे झाल्यावर तिचा हात थांबला आणि चेहरा पडला. ‘पण पोरीला काय सांगू? तिने माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय.’

तर भिंगरी, पत्राचं कारण हे. तुझी आई तुझ्याकडे कायमची राहायला येणार नाही, आणि हे तुला सांगायची तिला हिंमत होत नाही, म्हणून मी सांगते आहे. तुझ्या मायेत काही कमी पडलं म्हणून नव्हे, हे मनात पक्कं धर. उन्हाळ्यात आम्ही दोघी तुझ्याकडे येऊ आणि तू कंटाळून घालवून देईपर्यंत राहू. रागावायचं असेल तर खुशाल रागाव, पण माझ्यावर. तिला एक शब्द बोलू नकोस, ती तुझ्या आवाजावरून जेवते किंवा जेवत नाही. आता माझं मागणं. माझं भाड्याचं घर मी महिनाअखेर सोडते आहे. ऊन वाढलं की इथली सगळी दारं उघडतील, आणि तुझी आई म्हणते मी तुझ्या खोलीत राहावं. ती खोली तू गेलीस तेव्हा जशी होती तशीच आहे. भिंतीवर तुझी शाळेतली चित्रं, टेबलाखाली तुझ्या उंचीच्या खुणा असलेली ती फळी, कपाटात तो एक बूट ज्याचा जोडीदार तू तळ्यात सोडून आलीस. तुला विचारल्याशिवाय तिथली टाचणीसुद्धा हलवायची नाही असं तिने बजावलं आहे, आणि विचारायला मात्र ती तयार नाही. म्हणून मी विचारते: मला तुझी खोली देशील का? जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, आणि या एका आठवड्यात हे दुसऱ्यांदा मागते आहे. तू नाही म्हणालीस तरी माझी खाट जिथे आहे तिथे मी सुखात आहे, त्याचा भार घेऊ नकोस. उत्तर मला पाठवू नकोस, तिला फोन करून सांग. तू काय म्हणालीस ते मला कुणी सांगावं लागणार नाही. तिच्या चेहऱ्यावरून आता मला सगळं वाचता येतं.

तुझीच,
आत्या